मांजराला मधुमेह आहे का? ओळख, खात्री आणि घरच्या घरी साखर मोजणं

मांजराला मधुमेह असेल अशी शंका कुणापाशी बोलून दाखवली की तीन सल्ले हमखास मिळतात: गोड बंद करा, दोन दिवस खाणं तोडा, माणसाची गोळी अर्धी करून द्या. तिन्ही चूक आहेत. मांजराला गोड चव कळतच नाही, त्यामुळे गोडाच्या आवडीतून हा आजार येत नाही. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर काही दिवसांतच त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते त्याच्या जिवावर बेतू शकतं. माणसांना सर्रास दिलं जाणारं मेटफॉर्मिन मांजरांत फारसं काम करत नाही. हे सल्ले कुणी आपुलकीनं दिले तरी ऐकू नका.

शंका कधी घ्यावी

मांजर पाणी खूप पितं, लघवी खूप करतं, सारखं खातं आणि तरी वाळत जातं. या चार गोष्टी एकत्र दिसल्या तर वाट बघू नका. पाण्याचा अंदाज डोळ्यांनी करू नका. सकाळी मोजून भांडं भरा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 100 मिलिलीटरच्या वर पाणी जात असेल, म्हणजे 4 किलोचं मांजर 400 मिलिलीटर पीत असेल, तर काहीतरी नक्की बिघडलं आहे. ओलं खाणं खाणारी मांजरं मुळात पाणी कमी पितात. त्यांच्यात याहून कमी वाढही गंभीर समजा. घरात दोन-तीन मांजरं असतील तर भांड्यावरून काही कळणार नाही. संशय असलेल्या मांजराला एक दिवस वेगळ्या खोलीत ठेवा आणि लिटर ट्रेमधले लघवीचे गोळे किती मोठे होतात ते पाहा.

आणखी एक खूण बरेच जण म्हातारपणाच्या खात्यात टाकतात. मांजर एरवी बोटांवर चालतं. साखर बरेच दिवस चढलेली राहिली तर मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि ते टाचा जमिनीला टेकवून चालू लागतं, उडी मारायला कचरतं. वेळेत उपचार मिळाले तर हे पुष्कळदा सुधारतं.

मध्यमवयीन किंवा वयस्क, लठ्ठ, नसबंदी झालेल्या बोक्यांना धोका जास्त. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असलेल्या मांजरांनाही. पण अशीच तहान मूत्रपिंडाच्या आजारात लागते आणि खाऊनही वाळणं थायरॉइड वाढल्यावरही दिसतं, म्हणून निदान घरी करू नका.

डॉक्टरांकडे काय मागायचं

रक्त आणि लघवी दोन्ही तपासून घ्या. दवाखान्यात घाबरलेल्या निरोगी मांजराचीही रक्तातली साखर 300 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही याच मापात) च्या वर जाऊ शकते, म्हणून एकाच वेळच्या आकड्यावर इन्सुलिन सुरू होत असेल तर थांबा आणि फ्रुक्टोसामिन ही रक्ततपासणी करायला सांगा. त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवसाच्या भीतीचा परिणाम त्यात येत नाही. सोबत कीटोन (साखर वापरता न आल्यानं शरीर चरबी जाळू लागलं की साचणारी द्रव्यं), मूत्रपिंड, थायरॉइड, लघवीतला जंतुसंसर्ग आणि दातही बघून घ्या. कुठेही संसर्ग असला की साखर आटोक्यात येत नाही.

मांजरानं खाणं सोडलं, उलट्या होतायत, ते निपचित पडलंय, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येतोय, तर हे कीटोन वाढल्याचं लक्षण असू शकतं. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नाही. रात्र असली तरी निघा.

इन्सुलिन

बहुतेक मांजरांना दर बारा तासांनी इन्सुलिन लागतं. सुरुवात बहुधा एका वेळी 1 युनिटच्या आसपास होते. टोचणं सोपं आहे: बरगडीच्या बाजूची कातडी चिमटीत उचला, सुई आत, दाबा, बाहेर. मांजर खात असताना टोचलं तर पुष्कळांना कळतही नाही.

सिरिंज मात्र दर वेळी वाचून घ्या. यू-40, यू-100 म्हणजे एका मिलिलीटरमध्ये 40 किंवा 100 युनिट. इन्सुलिन यू-40 असेल तर सिरिंज यू-40 ची, यू-100 असेल तर यू-100 ची. यू-40 च्या सिरिंजमधून यू-100 इन्सुलिन भरलं तर डोस अडीचपट होतो.

कानातून रक्त काढणं

माझे सगळ्यात कठीण दिवस याच पायरीवर गेले, आणि सोडून देण्याचा सल्लाही सगळ्यात जास्त याच पायरीवर मिळतो. “महिन्यातून एकदा दवाखान्यात मोजा, पुरे” असं कुणी म्हटलं तर मानू नका. इन्सुलिनचा खरा धोका साखर अचानक खाली जाण्याचा आहे, आणि तो घरी मोजल्याशिवाय दिसत नाही.

आधी काही दिवस टोचूच नका. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी मांजराला घेऊन बसा, कान चोळा, लॅन्सेट (थेंबभर रक्तासाठी टोचायची छोटी सुई) नुसतं कानाजवळ न्या, वाळवलेल्या मांसाचा एक तुकडा द्या आणि सोडा. त्या जागेवर ते आपणहून येऊन बसू लागलं की पुढे जा. पलंगाखालून ओढून काढलेल्या मांजराची साखर कधीही मोजू नका. त्या झटापटीनं आकडा चढतो आणि मांजराचा तुमच्यावरचा विश्वास जातो.

कान गरम केल्याशिवाय टोचू नका. थेंब न येण्याचं कारण बहुतेक वेळा थंड कान हेच असतं. गरम पाण्यात पिळलेलं फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्धा-एक मिनिट कानाला धरा. कान ओला होता कामा नये. कानाच्या बाहेरच्या कडेनं एक शीर जाते, उजेडात ती दिसते. टोचायचं ते शिरेत नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. मागून घडी केलेला कापूस धरा, नाहीतर लॅन्सेट आरपार जाऊन तुमच्या बोटात घुसेल. त्या जागी व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट फिरवलं की थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. स्पिरिट लावू नका. ते झोंबतं आणि ओलं राहिलं तर आकडाही बिघडवतं.

लॅन्सेट बसवायच्या पेनचा खटका बऱ्याच मांजरांना सुईपेक्षा जास्त घाबरवतो. म्हणून मी पेन वापरत नाही, लॅन्सेट हातातच धरते. सुरुवातीला जरा जाड लॅन्सेट घ्या. फार बारीक सुईनं तीनदा टोचण्यापेक्षा जाड सुईनं एकदा टोचलेलं बरं. थेंब आला की साखर मोजायच्या मीटरच्या स्ट्रिपचं टोक थेंबाला टेकवा, ती स्वतःच रक्त ओढून घेते. मग कापसानं तीसेक सेकंद दाबून धरा. हे दाबणं टाळलं की कान काळानिळा पडतो आणि पुढच्या वेळी मांजर कान देत नाही. दोन प्रयत्नांत जमलं नाही तर त्या वेळेपुरतं थांबा, पण खाऊ द्यायचा तो द्याच. काही आठवड्यांत कानही सरावतो, थेंब लवकर येऊ लागतो.

शक्य असेल तर प्राण्यांसाठीचा मीटर घ्या आणि त्यात मांजराचा कोड लावा. माणसांचा मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. तोच वापरायचा असेल तर डॉक्टरांना तसं सांगा आणि मग मधेच मीटर बदलू नका. त्वचेवर चिकटवायचा सेन्सरही मिळतो. तो चांगला आहे, पण तो पडला किंवा त्यानं विचित्र आकडा दाखवला की कानाकडेच यावं लागतं. त्यामुळे हे शिकून ठेवाच.

रोज प्रत्येक डोसच्या आधी मोजा. डॉक्टर सांगतील त्या दिवशी बारा तास, दर दोन तासांनी मोजून आलेख काढा. त्यातला सर्वांत खालचा आकडा साधारण 80 ते 150 च्या दरम्यान हवा. डोस ठरतो तो या खालच्या आकड्यावर. एक चढलेला आकडा बघून स्वतःच डोस वाढवणं ही सर्वांत घातक सवय आहे. बदल केल्यावर पाच-सात दिवस तरी जाऊ द्या. डोसआधी साखर किती असेल तर टोचायचं नाही, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि फ्रिजवर लावा.

साखर घसरली तर

मांजर लडखडतं, गोंधळतं, एकदम वखवखून खायला मागतं, अंगाला झटके येतात. मीटर 60 च्या खाली दाखवत असेल तर आधी खायला द्या, मग फोन. ते खात नसेल तर हिरड्यांवर मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळा. झटके येत असताना तोंडात काही ओतू नका आणि बोट दातांमध्ये घालू नका. मग लगेच दवाखान्यात न्या, सावरलं असं वाटलं तरीही.

अर्धा डोस बाहेर सांडला असं वाटलं, किंवा दुसऱ्या कुणी टोचलंय की नाही याची खात्री नसली, तर पुन्हा टोचू नका. एक डोस चुकला तरी बारा तास निभतात. दुप्पट डोस जीव घेऊ शकतो.

खाणं आणि नवी औषधं

कमी कर्बोदकांचं ओलं खाणं द्या. कोरड्या दाण्यांत बहुधा कर्बोदकं जास्त असतात. खाणं बदलल्यावर इन्सुलिनची गरज काही दिवसांतच घटू शकते, म्हणून घरी मोजता येऊ लागल्यावरच हा बदल करा आणि डॉक्टरांना सांगून करा. वजन उतरवायचं असेल तर आठवड्याला साधारण 1 टक्का, त्याहून फार घाई नको.

अमेरिकेत 2022 मध्ये बेक्झाग्लिफ्लोझिन आणि 2023 मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडावाटे देण्याच्या औषधांना मांजरांसाठी मान्यता मिळाली. सुई नको म्हणून यांचा मोह होतो, पण इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत. ही औषधं चालू असताना साखर जवळपास नॉर्मल दिसत असूनही कीटोन वाढू शकतात. या औषधावर असलेलं मांजर खात नसेल, तर मीटरच्या चांगल्या आकड्यावर विसंबू नका, त्याच दिवशी कीटोन तपासा.

काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत साखर नीट आटोक्यात आली तर ही शक्यता जास्त. खालचे आकडे सतत नॉर्मलकडे सरकू लागले की डॉक्टर डोस पायरीपायरीनं उतरवतात. बंद झाल्यावरही आठवड्यातून एकदा कान टोचत राहा, कमी कर्बोदकांचं खाणं चालू ठेवा आणि पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिल्याच वाक्यात सांगा की या मांजराला मधुमेह होऊन गेलाय, स्टेरॉइड देण्याआधी दुसरा पर्याय बघा.