१९६५-६६ ची मस्टँग: रूपाला धक्का न लावता वळण कसं सुधारायचं

फोर्डच्या मस्टँगवाल्यांत दोन तट कायमचे. एक म्हणतो, लांब बॉनेट, आखूड डिकी, मागे तीन-तीन उभे दिवे, हे रूप म्हणजेच गाडी. तिला हात लावायचा नाही. दुसरा म्हणतो, रूप पाहायला छान, पण वळणावर स्टेअरिंग फिरवूनही नाक बाहेरच जातं. तेव्हा पुढचं सगळं सस्पेन्शन कापून नवं बसवा. १९६५-६६ च्या गाडीपुरतं बोलायचं तर दोघांनाही हवं ते मिळू शकतं. दुखणं मुख्यतः एकाच जागी आहे: वरच्या कंट्रोल आर्मची (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या वरच्या दांड्याची) भोकं जरा उंचावर पडली आहेत. ती भोकं फेंडरच्या आड असतात, त्यामुळे ती बदलल्याने बाहेरची एक रेषही बदलत नाही.

ही गाडी १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात लोकांसमोर आली. खालचा सगळा संसार फोर्डच्याच फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा. त्या मूळ मांडणीत गाडी वळणावर कलली की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाकही बाहेर झुकतं आणि टायर तळव्यावर न राहता कडेवर उभा राहतो. पकड तिथेच सुटते. फोर्डचे इंजिनियर क्लाउस आर्निंग यांनी वरच्या आर्मची आतली बाजू खाली घेण्याचा उपाय काढला आणि १९६५ च्या शेल्बी जीटी३५० या मस्टँगच्याच वेगवान आवृत्तीत तो आला. आर्म खाली घेतला की चाक वर दबताना माथ्याकडून आत झुकतं, आणि गाडीचा कलण्याचा मध्यबिंदूही थोडा वर येतो. १९६७ पासूनची गाडी वेगळी आहे, खाली दिलेली मापं तिला लावू नका.

ड्रिल हातात घ्यायच्या आधी झीज तपासा. बुश (सांध्यातल्या रबरी पुंगळ्या) गेलेल्या गाडीत भोकं पाडून काहीच हाती लागत नाही. या गाडीत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते, त्यामुळे चाक लोंबकळत असताना वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) हलवून पाहिला तर स्प्रिंगच्या दाबाने प्ले, म्हणजे सैलपणा, लपून राहतो. गाडी जमिनीवर असतानाच वरचा आर्म आणि चेसिस यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घट्ट सरकवा, मग गाडी उचला आणि चाक वर-खाली हलवून बघा. स्टेअरिंगच्या जोडणीतली टाय रॉडची टोकं आणि आयडलर आर्म, खालचा आर्म पुढे-मागे न हलू देणाऱ्या स्ट्रट रॉडचे रबर हेही बघून घ्या. शॉक टॉवरचा (स्प्रिंग आणि शॉक ज्यात बसतात त्या उभ्या कप्प्याचा) पत्रा टॉर्च लावून तपासा. वरच्या आर्मच्या बोल्टांभोवती केसाएवढी भेग दिसली, तर आधी वेल्डिंग, मग बाकीचं.

अमेरिकेत राहून ही गाडी घेतलेल्यांनी लक्षात ठेवावं: सगळे नट-बोल्ट इंचाचे आहेत. अर्धा इंची बोल्टला पाऊण इंची पाना लागतो. १९ चा मेट्रिक पाना जवळपास त्याच मापाचा आहे, पण बाकीच्या बहुतेक मापांना मेट्रिक पाना नीट बसत नाही आणि गंजलेल्या नटावर जोर लावला की कोपरे गोल होतात.

आता मुख्य काम. गाडीची पुढची बाजू उचला, चेसिसखाली जॅक स्टँड लावा, चाकं काढा. फक्त जॅकवर गाडी ठेवून या स्प्रिंगला हात लावायचा नाही. शॉक अॅब्झॉर्बर वरून बाहेर काढा, म्हणजे त्याच्या जागेतून स्प्रिंग कॉम्प्रेसर आत जाईल. इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. बाजारात मिळणारे दोन लांब हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर इथे चालत नाहीत. ते टॉवरमध्ये नीट बसत नाहीत, आणि दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. याच जातीच्या गाडीसाठी बनवलेला, स्प्रिंगच्या आतून पकडणारा कॉम्प्रेसर घ्या, नाहीतर दिवसभरासाठी भाड्याने आणा. त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, हवेवर चालणाऱ्या पान्याने न फिरवता हाताने फिरवा.

स्प्रिंग मोकळी झाली की इंजिनच्या बाजूने वरच्या आर्मचे दोन नट काढा. आर्म टॉवरपासून सुटतो आणि मधल्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, बाहेर येतात. कुठल्या बोल्टवर किती होत्या ते लिहून ठेवा. पुढच्या बोल्टच्या वेगळ्या, मागच्या वेगळ्या, दोऱ्यात ओवून त्या-त्या बाजूला टांगल्या की गोंधळ होत नाही.

नवी भोकं जुन्यांच्या बरोबर १ इंच खाली आणि १ सूत, म्हणजे १/८ इंच, मागे. मागे सरकवण्याने कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे असलेला कल, थोडा वाढतो आणि सरळ रस्त्यावर स्टेअरिंग शांत राहतं. यासाठी पत्र्याचा साचा तयार मिळतो. तो जुन्या भोकांत बोल्टने आवळून बसवा. घरी बनवायचा असेल तर जाड पत्र्याचा बनवा, पुठ्ठ्याचा नको. सेंटर पंच मारा, आधी १/८ इंची बारीक ड्रिल, मग टप्प्याटप्प्याने मोठी, शेवटी १७/३२ इंची. एकदम मोठी ड्रिल लावली की ती पत्र्यावर नाचते आणि भोक अर्धा सूत बाजूला जातं. तेवढ्यानेही दोन्ही बाजूंचा कॅस्टर जुळत नाही आणि गाडी एकीकडे ओढू लागते. भोकाच्या कडा कानशीने साफ करा, उघड्या लोखंडावर प्रायमर लावा.

जुनी भोकं बुजवू नका. पुढे कोणाला गाडी मूळ स्थितीत न्यायची असेल तर आर्म उचलून परत वर लावता येतो. रूपाच्या बाजूने भांडणाऱ्यांना दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही.

सगळं परत जोडताना होणारी चूक म्हणजे खालच्या आर्मचा आतला बोल्ट गाडी वर लटकलेली असतानाच आवळणं. त्या बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर पिळवटतं, आणि वर्षभरात फाटतं. बोल्ट सैल ठेवा, चाकं जमिनीवर टेकवा, गाडी दोन-चार वेळा दाबून हलवा, मग आवळा. स्ट्रट रॉडला कडक पॉलियुरेथेनचे बुश लावायचा मोहही टाळा. रॉडला थोडं वर-खाली झुकावं लागतं. बुशने ते झुकू दिलं नाही तर रॉडच आट्यांपाशी तुटतो. साधं चांगलं रबर पुरतं.

या कामानंतर गाडीचं नाक सुमारे अर्धा इंच खाली बसतं, कारण आर्मबरोबर स्प्रिंगही खाली आली. चाकावरची मोकळी फट थोडी भरते आणि गाडी जास्त चांगली दिसते. इथेच थांबा. स्प्रिंगचे वेढे कापून आणखी दोन इंच खाली घेतलं की चाकाला वर जायला जागा उरत नाही, आर्म रबरी थांब्यावर आदळतो आणि खड्ड्यात पकड सुटते. फोटोत गाडी देखणी दिसेल, रस्त्यावर मूळ गाडीपेक्षा वाईट चालेल.

अलाइनमेंट हा अर्धा इलाज आहे. १९६५ च्या फोर्डच्या दुरुस्ती-पुस्तकातले आकडे त्या काळच्या बायस-प्लाय (आत धागे तिरपे घातलेल्या) टायरचे. आजच्या रेडियल टायरला ते चालत नाहीत. दुकानातला माणूस संगणकातून तेच जुने आकडे काढतो, म्हणून आपले आकडे कागदावर लिहून न्या: कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे माथा आत) उणे अर्धा अंश, कॅस्टर अधिक अडीच ते तीन अंश, टो-इन (दोन्ही चाकांची पुढची कड आत वळलेली असणं) एकूण १ सूत. पॉवर स्टेअरिंग नसेल तर कॅस्टर अडीचवरच ठेवा, नाहीतर पार्किंग करताना खांदे भरून येतात. या दोन वर्षांच्या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही त्या शिमनेच बसतात. दोन्ही बोल्टांवरच्या शिम सारख्या कमी केल्या की चाकाचा माथा आत येतो. फक्त पुढच्या बोल्टवर शिम वाढवली की आर्मचं टोक मागे वळतं आणि कॅस्टर वाढतो. बऱ्याच तरुण कारागिरांनी असं अलाइनमेंट कधी केलेलं नसतं. शिम लावायला तयार असलेलं दुकान आधी शोधून ठेवा.

स्टेअरिंगमध्ये अजूनही बोटभर मोकळेपणा असेल तर लगेच बॉक्सचा वरचा स्क्रू आवळू नका. तो फक्त चाकं सरळ असतानाचा प्ले काढतो. जास्त आवळला तर वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपसूक परत येत नाही आणि आतले दाते खराब होतात. पिटमन आर्म (बॉक्समधून खाली येणारा दांडा) सोडवून, स्टेअरिंग मध्यावर ठेवून, ते फिरवायला पुस्तकात दिलेली ओढ लागेल इतकाच तो आवळायचा.

मग पुढचा १ इंच जाडीचा अँटी-रोल बार (वळणावर गाडीचं कलणं रोखणारी दांडी) आणि चांगले शॉक. मागे बार लावायची घाई नको. ओल्या रस्त्यावर शेपूट सुटायची भीती असते. दोन्ही टॉवरना फायरवॉलशी (इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीशी) बांधणारा अखंड ब्रेस आणि टॉवर ते टॉवर सरळ दांडा हे बॉनेटखालीच राहतात, आणि त्यांनी अलाइनमेंट टिकून राहतं. दांडा बसत नसेल तर टॉवर आत झुकले आहेत असं समजा. मारून-ठोकून तो बसवू नका, आधी माप घ्या. चेसिसचे पुढचे-मागचे भाग जोडणारी पट्टी वेल्ड करायची असेल तर गाडीचं वजन चाकांवर असतानाच करा. लिफ्टवर लोंबत असताना वेल्डिंग केलं की दारांच्या फटी वाकड्या होतात, आणि मग रूपाचं खरंच नुकसान होतं.

चाकांबाबत रूपवाले आणि वळणवाले दोघांनी १५ इंचांवर समेट करावा. १५ × ७ ची रिम आणि २१५/६० चा टायर घेतला तर टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २५ इंच राहतो, मूळ गाडीच्या जवळपास. त्यामुळे गाडीची उभी राहण्याची ढब बिघडत नाही. १८ इंची चाकं या लहान फेंडरखाली बैलगाडीची वाटतात. सहा सिलिंडरच्या गाडीला चार नटांचं चाक असतं, व्ही-८ ला पाच. रिम विकत घेण्यापूर्वी मोजा.

एक गोष्ट मात्र वळणाच्याही आधी करावी. १९६६ पर्यंतच्या गाडीत चारही ब्रेकना एकच ऑइलची वाट आहे. एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जातात. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या.

काम जमलं का हे खडूने कळतं. पुढच्या दोन्ही टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, आडव्या रेघा ओढा. मोकळ्या जागी नेहमीच्या वेगाने दोन-चार वळणं घ्या आणि उतरून बघा. रेघ नक्षीच्या कडेपर्यंतच पुसली असेल तर टायर तळव्यावर उभा आहे. त्याखालीही पुसली असेल तर हवा दोन पाउंड वाढवून पुन्हा बघा, आणि तरी तसंच असेल तर कॅम्बर आणखी पाव अंश आत घ्या. शंभरेक मैलांनी वरच्या आर्मचे नट पुन्हा पान्याने तपासा; नव्या भोकांवरचा रंग दबला की ते थोडे सैल झालेले सापडतात.