न्यू जर्सीत मुलांबरोबर हॅलोविन: सप्टेंबरपासून काय, कधी, कसं करावं

एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या घरांत सप्टेंबर संपत आला की चर्चा एकच: ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनची, म्हणजे मुलांनी वेश घालून घरोघरी कँडी मागायच्या संध्याकाळची. शाळेतून चिठ्ठ्या येतात, शेजारच्या दारात सांगाडे उभे राहतात, ऑफिसातले लोक वीकेंडला कुठल्या फार्मवर गेलो ते सांगतात आणि आपल्याला कळत नाही की यातलं काय करायचं आणि काय सोडायचं. माझं मत आधीच सांगून टाकते. लहान मुलांसाठी घराजवळचे, छोटे, बहुतेक फुकट कार्यक्रम सगळ्यात चांगले. तासभर गाडी चालवून, महागडं तिकीट काढून गाठायचं ठिकाण मोसमात एकच ठेवावं.

पायरी १: टाउनशिपचं कॅलेंडर आधी बघा

तुमच्या टाउनशिपचा (म्हणजे गावाच्या नगरपालिकेचा) रिक्रिएशन विभाग आणि सार्वजनिक वाचनालय यांची ऑक्टोबरची वेळापत्रकं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडून बघा. कॉस्च्युम घालून गोष्टी ऐकणं, पंपकिन रंगवणं, मुलांची छोटी परेड असे कार्यक्रम तिथेच सापडतात. जागा मोजक्या असतात आणि नोंदणी रहिवाशांना आधी खुली होते, त्यामुळे उशीर करू नका.

ऑक्टोबरात चुकवू नये अशी आणखी एक जागा म्हणजे गावातलं फायर हाउस. १८७१ साली ८ ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान शिकागोत मोठी आग लागली होती. तिच्या आठवणीत अमेरिकेत ९ ऑक्टोबर ज्या आठवड्यात येतो तो आठवडा अग्निप्रतिबंधक सप्ताह म्हणून पाळतात. त्या सुमाराला बरीच फायर हाउसं लोकांसाठी खुली ठेवली जातात. मुलांना बंबावर चढू देतात, हेल्मेट घालू देतात. हॅलोविनशी याचा काही संबंध नाही, पण चार वर्षांच्या मुलाला विचाराल तर ऑक्टोबरातलं सगळ्यात भारी ठिकाण हेच.

कार्यक्रमाच्या वर्णनात ‘हाँटेड’ लिहिलं असेल तर वयाची अट वाचा. तिथे अंधारातून माणसं अंगावर येतात. सहा-सात वर्षांच्या आतल्या मुलांना तिथे नेऊ नये. मुलाला भीती वाटली तर पुढचे आठ दिवस रात्री तुम्हीच जागे राहाल.

पायरी २: फार्म एकच निवडा

प्रिन्स्टनजवळचं टर्ह्यून ऑर्चर्ड्स, चेस्टरमधलं ऑलस्टीड फार्म्स ही मध्य आणि उत्तर न्यू जर्सीतली माहितीची नावं. होपवेल टाउनशिपमधलं हॉवेल लिव्हिंग हिस्टरी फार्म मर्सर काउंटीच्या अखत्यारीत आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची शेती कशी चालायची ते तिथे बघायला मिळतं. शेतीचं काहीच न पाहिलेल्या मुलांना नुसत्या फोटोच्या जागांपेक्षा हे जास्त आवडतं, असं मला वाटतं.

जायचं तर शनिवार-रविवारी फार्म उघडतं त्या पहिल्या तासात. अकरानंतर पार्किंगपासूनच रांग लागते. वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं का, आणि घरचा डबा आत चालतो का, हे त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

सफरचंदं तोडायची असतील तर महिना फार पुढे जाऊ देऊ नका. गाला, मॅकिंटॉश सप्टेंबरातच येतात. फूजी उशिरा तयार होतं, पण ऑक्टोबरच्या शेवटी हाताला येतील अशा फांद्या रिकाम्या झालेल्या असतात. पिशवी पेकची घ्या, अर्ध्या बुशेलची नको. पेकमध्ये दहा-बारा पौंड मावतात, अर्ध्या बुशेलमध्ये त्याच्या दुप्पट. एवढ्या सफरचंदांचं करायचं काय, हा प्रश्न मग दोन आठवडे फ्रीजमध्ये बसून राहतो.

कॉर्न मेझ म्हणजे मक्याच्या उंच पिकात कापलेला चकवा. आत शिरण्यापूर्वी मुलांना बाथरूमला नेऊन आणा, कारण मध्येच परत फिरायला सोपी वाट नसते. हेराइडला ट्रॅक्टरमागच्या गाडीत गवताच्या गाठींवर बसायचं असतं. ज्यांना गवताची ॲलर्जी आहे त्यांनी औषध आधीच घेतलेलं बरं.

आणि घरी आल्यावर मुलांचं अंग तपासा. न्यू जर्सीत लाइम रोग पसरवणारी हरणांवरची गोचीड थंडी पडायला लागल्यावरही फिरत असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पूर्ण वाढलेल्या गोचिडी चांगल्याच सापडतात. गुडघ्यांच्या मागे, काखेत, कानांमागे, केसांत बघा. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोज्यांत खोचलेली पँट फोटोत बरी दिसत नाही, पण घालाच.

पायरी ३: पंपकिन घेणं आणि कोरणं

देठ हिरवट आणि घट्ट, बूड टणक, कुठे मऊ डाग नाही, एवढं बघा. उचलताना देठाला धरू नका, तुटतो. कोरण्यासाठी मोठा घ्या. खाण्यासाठी मात्र छोटा शुगर पंपकिन वेगळा घ्या. कोरायच्या भोपळ्याचा गर पाणचट आणि धाग्यांचा असतो. त्याचे घारगे करायला गेलात तर कणीक घालता घालता हात दुखतील. लाल भोपळ्याच्या चवीच्या जवळ जायचं असेल तर बटरनट स्क्वॉश घ्या. त्याचं भरीतही छान होतं.

कोरण्याची घाई करू नका. एकदा कापला की भोपळा चार-पाच दिवसांत सुरकुततो, हवा गरम असली तर बुरशीही धरतो. म्हणून २८-२९ तारखेच्या आधी सुरी लावू नये. स्वयंपाकघरातल्या मोठ्या सुरीपेक्षा दुकानात मिळणारी बारीक दातांची छोटी करवत सुरक्षित. कापायचं काम मोठ्यांनी करावं, आतला गर आणि बिया काढायचं मुलांनी. बिया धुऊन, कोरड्या करून, तेल-मीठ-तिखट लावून ३५० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजा. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवा. दारात येणाऱ्या मुलांचे झगे लोंबत असतात.

पायरी ४: कॉस्च्युम

कॉस्च्युमच्या आत थर्मल किंवा स्वेटर मावेल असं माप घ्या, नाहीतर वर जॅकेट चढवावं लागतं आणि आतला वाघ कुणालाच दिसत नाही. मुखवट्यापेक्षा चेहरा रंगवलेला बरा, कारण मुखवट्यातून बाजूची गाडी दिसत नाही. पाठीवर आणि पिशवीवर चमकणारी पट्टी चिकटवा. मावळा म्हणून पाठवायची हौस बऱ्याच घरांत असते. पाठवा, पण शाळेत खोटी तलवारसुद्धा चालत नाही. काही शाळा हॅलोविन न करता ‘फॉल फेस्टिव्हल’ करतात आणि तिथे कॉस्च्युमच नको असतो. चिठ्ठी नीट वाचून मगच मुलाला कबूल करा.

पायरी ५: ट्रंक-ऑर-ट्रीट

पाच-सहा वर्षांखालच्या मुलांसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. शाळेच्या किंवा चर्चच्या पार्किंगमध्ये गाड्या उलट्या लावतात, डिक्की उघडून सजवतात आणि मुलं एका गाडीकडून दुसरीकडे जात कँडी घेतात. रस्ता ओलांडायचा नाही, अंधार नाही, तासाभरात घरी. चर्चमध्ये असला तरी बहुतेक ठिकाणी कुणीही जाऊ शकतं.

पहिल्या वर्षी नुसते जा, दुसऱ्या वर्षी गाडी लावा. नाव नोंदवताना किती मुलं अपेक्षित आहेत ते विचारा आणि तेवढीच कँडी घ्या. डिक्की दोन तास उघडी राहणार असेल तर गाडीतले आतले दिवे बंद करा, नाहीतर निघताना बॅटरी उतरलेली सापडेल. सजावटीचे दिवे बॅटरीवरचे लावा.

तुमच्या सोसायटीतच करायचं असेल तर तेही अवघड नाही. मॅनेजमेंटची लेखी परवानगी घ्या, हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी उजेड असतानाची वेळ ठरवा, दहा-बारा गाड्या जमवा. एक नियम मात्र कडक ठेवा. सगळ्या गाड्या मुलं यायच्या आधी जागेवर लागलेल्या हव्यात आणि शेवटचं मूल जाईपर्यंत एकही इंजिन चालू करायचं नाही.

कँडीबद्दल दोन गोष्टी. शेंगदाणे, दूध, अंडी यांची ॲलर्जी असलेली मुलं प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्यासाठी स्टिकर, पेन्सिली, छोटे चेंडू अशी वेगळी टोपली ठेवा आणि बाजूला निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा. २०१४ पासून देशभर ही खूण ओळखली जाते. दुसरी गोष्ट शाकाहारी घरांसाठी: गमी, मार्शमॅलो, कँडी कॉर्न यांत बहुतेक वेळा जिलेटिन असतं. पिशवी घरी आल्यावर मुलांच्या तोंडात जाण्यापूर्वी वेष्टनं वाचा.

पायरी ६: ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ

घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे ३१ तारखेला सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. लहानग्यांना घेऊन साडेपाचला निघा, सातपर्यंत परत या. त्यानंतर रस्ता मोठ्या मुलांचा. टाउनशिपने वेळ ठरवून दिली असेल तर ती पाळा.

पोर्चचा दिवा लागला असेल त्याच घरी जायचं. दिवा बंद म्हणजे बेल वाजवायची नाही. ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणायचं, एक कँडी घ्यायची, ‘थँक यू’ म्हणून निघायचं. फुटपाथ सोडायचा नाही, ओलांडायचं ते कोपऱ्यावरच. या रात्री पायी चालणाऱ्या मुलांना गाडीची धडक बसण्याचा धोका एरवीपेक्षा कितीतरी जास्त असतो. अनोळखी लोक कँडीत काहीतरी घालतात ही भीती त्या मानाने फार फुगवलेली आहे.

भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर दारात कँडी वाटायचं काम त्यांच्याकडे द्या. पोर्चवर खुर्ची, मांडीवर शाल, हातात टोपलं. फक्त आधी सांगून ठेवा की एकेका मुलाला मूठभर द्यायची नसते, नाहीतर साडेसहालाच टोपलं रिकामं. उंच, कॉस्च्युम न घातलेली मुलंही येतील, त्यांनाही द्यावी.

काही वर्षी दिवाळी याच दिवसांत येते. २०२४ मध्ये तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती, पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी कँडी. अशा वर्षी फराळ आदल्या वीकेंडला उरकून घ्या.

हवामानाचाही भरवसा धरू नका. २०१२ मध्ये सँडी वादळानंतर गव्हर्नरांनी राज्यभरातलं ट्रिक-ऑर-ट्रीट ५ नोव्हेंबरला ढकललं होतं. पाऊस असेल तर त्या दिवशी दुपारी टाउनशिपची सूचना एकदा बघून घ्या.

पायरी ७: १ नोव्हेंबर

कोरलेले भोपळे रानात टाकू नका, कंपोस्टला द्या. रंगवलेले मात्र कंपोस्टमध्ये चालत नाहीत. उरलेली कँडी काही दातांचे दवाखाने विकत घेतात, काही ठिकाणी सैनिकांना पाठवण्यासाठी गोळा करतात. दुकानांत कॉस्च्युम निम्म्या किमतीला लागतात. पुढच्या वर्षीसाठी एक माप मोठा घेऊन ठेवा, पण कुठला ते मुलांना आत्ताच दाखवू नका, दहा महिन्यांत त्यांचा विचार बदलतो.