पोटाची लोंबती कातडी आणि मेडिकेअर: आधी जीपीकडे नोंद करा

माझं वजन ११२ किलोवरून ६८ वर आलं, पण पोटाची कातडी ओटीपोटावर लोंबतच राहिली. मेलबर्नच्या जानेवारीत त्या घडीत घाम साचायचा, कातडी लाल होऊन सोलवटायची, पाणी सुटायचं, वास यायचा. आईच्या जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून मी घडीत घालायचे आणि केमिस्टकडून आणलेलं मलम लावायचे. डॉक्टरांना दाखवायची लाज वाटायची. असं वर्ष काढलं. इथे ऑस्ट्रेलियात ही कातडी काढायच्या ऑपरेशनला सरकारी पैसा मिळतो, पण तो नोंद झालेल्या त्रासाला. त्या वर्षाची माझ्या फायलीत एक ओळही नव्हती.

मेडिकेअरच्या (इथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) यादीत पोटासाठीचा एक आयटम नंबर, म्हणजे ऑपरेशनचा क्रमांक, आहे ३०१७७. हात, मांड्यांचे नंबर वेगळे. अटी अशा: वजन बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन मोजायच्या आकड्याच्या) निदान ५ अंकांनी उतरलेलं हवं (माझी उंची १५८ सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेबारा किलो). उतरल्यावर ते किमान सहा महिने स्थिर हवं. घडीत पुरळ किंवा कातडी फाटण्याची भीती असलेला दुसरा त्वचाविकार हवा, आणि तीन महिने ऑपरेशनशिवायचे उपचार करूनही तो बरा झालेला नसावा. शिवाय रोजच्या हालचालींना कातडीची अडचण होत असली पाहिजे. नुसतं ‘बरं दिसत नाही’ एवढ्यावर काही मिळत नाही.

म्हणून पुरळ उठलेलं असेल त्याच आठवड्यात जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा, बरं झाल्यावर नको. घडी उचलून दाखवा. मला हे जमायला तीन खेपा लागल्या. पहिल्या दोन्ही वेळा मी कपडे न सोडताच ‘जरा खाज येते’ म्हणून परत आले. तपासून झालं की स्पष्ट सांगा, ‘हे फायलीत लिहा, फोटो जोडा, वजनही टाका.’ औषध चिठ्ठीवर घ्या, म्हणजे तारीख राहते. घरच्या मलमाची तारीख कुठेच राहत नाही. माझे तीन महिने त्या तिसऱ्या खेपेपासून मोजले गेले. अडचणीही नेमक्या सांगा. मी सांगितलं की खाली वाकून बुटाची नाडी बांधताना घडी मध्ये येते, आणि चालताना जांघेत घासून रक्त येतं.

मग प्लास्टिक सर्जनसाठी जीपीचं रेफरल (शिफारसपत्र) घ्या. ते १२ महिने चालतं. सरकारी हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन झालं तर मेडिकेअरवाल्याला बिल येत नाही, पण अशा ऑपरेशनवर तिथे बरीच बंधनं असतात. यादीत घेतलं तरी तातडीचं नसलेलं काम तिसऱ्या वर्गात जातं. त्याची ठरलेली मुदत ३६५ दिवस, आणि ती सर्जन तपासून यादीत नाव घालतो तेव्हापासून. त्याआधी ओपीडीची वाट पाहावी लागते ती वेगळी.

खाजगीत केलं तर मेडिकेअर ठरवलेल्या दराच्या ७५ टक्के देतं, उरलेले २५ टक्के विमा देतो. सर्जन त्या दरापेक्षा जास्त घेतात आणि तो फरक तुमच्या खिशातून जातो, खूप मोठा असू शकतो. भूलतज्ज्ञ आणि मदतनीस सर्जनसह सगळा आकडा लेखी मागा. हॉस्पिटलच्या खर्चासाठी विमा सहसा गोल्ड, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा लागतो. त्रास आधीपासूनचा असेल तर नव्या पॉलिसीला १२ महिने थांबावं लागतं, तेव्हा वजन उतरत असतानाच पॉलिसी बघून ठेवा. सर्जनने आयटम नंबर लिहून दिला की विमा कंपनीला फोन करून तोच नंबर वाचून दाखवा आणि उत्तर ईमेलवर मागवा.

विद्यार्थी किंवा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर मेडिकेअर सहसा नसतं, आणि भारताशी तसा परस्पर करारही नाही. पीआरचा (कायम वास्तव्याचा) अर्ज केलेल्यांना मात्र काही वेळा कार्ड मिळतं. आपल्याला मिळेल का, हे आधी विचारून घ्या. पुरळाची नोंद मात्र आजपासूनच ठेवायला लागा.