टर्मिनल कसं वापरावं: रोजच्या कामाला पुरतील एवढ्या कमांड

जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोजऐवजी कोणीतरी बसवून दिलेली उबुंटू ही लिनक्स प्रणाली, आणि मेंटेनन्सची बिलं, सभांची इतिवृत्तं, कॅमेऱ्यांचं चित्रण सगळं एकाच डिस्कवर. मुंबईतल्या कितीतरी सोसायट्यांच्या ऑफिसात असा संगणक असतो. तो अडला की माणूस बोलवायचा आणि तो येईपर्यंत काम थांबवायचं. आल्यावर तो टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडतो, चार ओळी, म्हणजे कमांड, टाइप करतो आणि निघतो. त्या ओळी सचिवांनी, खजिनदारांनी, घरी जुना लॅपटॉप चालवणाऱ्या कोणीही शिकाव्यात असं मला मनापासून वाटतं. फक्त क्रम नीट ठेवा: नुसती माहिती दाखवणाऱ्या कमांड आधी, काही बदलणाऱ्या नंतर. पहिल्या प्रकारच्या कमांडने काहीही बिघडत नाही, त्यामुळे हात मोकळा होतो.

इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना तीच अक्षरं इंग्रजीत, छोट्या लिपीत घ्या. ‘डीएफ’ म्हणजे कीबोर्डवरचे डी आणि एफ. ‘सॉर्ट’, ‘फाइंड’ असे पूर्ण शब्द त्यांच्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने, आकडेही इंग्रजी. मोठं आणि छोटं अक्षर इथे वेगळं धरलं जातं. नावं इतकी आखूड आहेत कारण ती ज्या युनिक्स प्रणालीतून आली तिचं काम १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सुरू झालं तेव्हा टाइप करायला टेलिटाइप यंत्रं होती, आणि ती सेकंदाला जेमतेम दहा अक्षरं छापत.

उबुंटूवर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा, टर्मिनल उघडेल. मॅकवर टर्मिनल आधीपासून असतंच. विंडोज १० किंवा ११ असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून यातलं बरंचसं करता येतं. पुढची उदाहरणं उबुंटूची आहेत.

आपण कुठे आहोत

‘पीडब्ल्यूडी’ टाइप करून एंटर मारा. तुम्ही आत्ता कोणत्या फोल्डरमध्ये आहात ते कळेल. ‘एलएस -एल’ने त्यातल्या फाइली आकार आणि तारखेसकट दिसतात. ‘सीडी’ आणि पुढे फोल्डरचं नाव दिलं की आत जाता येतं, ‘सीडी ..’ने एक पायरी मागे.

फोल्डरची नावं मराठीत असली तरी काही अडत नाही. अडतं ते नावातल्या मोकळ्या जागेमुळे. ‘सभा २०२४’ असं नाव असेल तर ते अवतरणचिन्हात टाका, नाहीतर संगणक त्याला दोन वेगळी नावं समजतो. याहून सोपा उपाय म्हणजे टॅब. नावाची पहिली एक-दोन अक्षरं टाइप करून टॅब दाबा, उरलेलं नाव आपोआप भरलं जातं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या, स्पेलिंगच्या निम्म्या चुका तिथेच संपतात.

डिस्क कशाने भरली

डिस्क भरली की संगणक रडतखडत चालतो, बिलाची फाइल सेव्ह होत नाही, कधीकधी लॉगिनसुद्धा होत नाही. म्हणून हा भाग सावकाश वाचा.

डीएफ -एच

या कमांडने प्रत्येक डिस्क किती भरली ते टक्क्यांत दिसतं. शेवटच्या रकान्यात नुसती तिरकी रेघ ‘/’ असलेली ओळ शोधा, ती तुमची मुख्य डिस्क. तिथे ९० टक्क्यांच्या वर आकडा असेल तर हात घालायची वेळ झाली. आता नुसतं ‘सीडी’ टाइप करून आपल्या घरच्या फोल्डरमध्ये या आणि हे चालवा:

डीयू -एसएच * | सॉर्ट -एच

मधली उभी रेघ बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या वरच्या बटणावर, शिफ्टसोबत येते. पहिल्या कमांडचं उत्तर दुसरीच्या हातात देणं हे तिचं काम. म्हणजे ‘डीयू’ प्रत्येक फोल्डरचा आकार मोजते आणि ‘सॉर्ट’ त्यांना लहानापासून मोठ्यापर्यंत लावते. समोर साधारण असं येईल:

१२एम सभा
३४०एम बिले
१.१जी फोटो
८७जी कॅमेरा

गुन्हेगार नेहमी तळाशी. ‘सीडी कॅमेरा’ करून आत जा आणि तीच ओळ पुन्हा चालवा. असं दोन-तीन पायऱ्या खाली गेलं की नेमकं काय साठलंय ते सापडतं. तीन महिन्यांपेक्षा जुन्या फाइली हव्या असतील तर:

फाइंड . -एमटाइम +९०

आणि ५०० एमबीहून मोठ्या हव्या असतील तर ‘फाइंड . -साइझ +५००एम’, यात शेवटचा एम मोठ्या लिपीतला. यातल्या कशानेही फाइलीला धक्का लागत नाही, फक्त यादी येते. ती यादी कमिटीतल्या कोणाला तरी दाखवा. चोरीची तक्रार चालू असेल तर जुनं चित्रणही लागू शकतं, आणि काय ठेवायचं हे ठरवणं संगणकाचं काम नाही.

पुसण्याआधी

पुसण्याची कमांड ‘आरएम’. तिने गेलेली फाइल कचरापेटीत जात नाही, सरळ जाते, म्हणून तिच्यासाठी एक शिस्त पाळा. समजा नावात ‘जुने’ असलेल्या सगळ्या फाइली काढायच्या आहेत. आधी ‘एलएस *जुने*’ चालवा आणि आलेली यादी डोळ्यांनी वाचा. बरोबर वाटली तरच वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा आणि ‘एलएस’च्या जागी ‘आरएम -आय’ करा. ‘-आय’मुळे प्रत्येक फाइलमागे विचारणा होते. वाय दाबून एंटर मारलं तर ती पुसली जाते, एन दाबून एंटर मारलं तर राहते.

खात्री नसेल तर ‘जीआयओ ट्रॅश’ आणि पुढे फाइलचं नाव द्या, फाइल कचरापेटीत जाईल आणि परत काढता येईल. इंटरनेटवर कोणी ‘आरएम -आरएफ’ (न विचारता अख्खा फोल्डर पुसणारी कमांड) असलेली ओळ चिकटवायला सांगितली, तर पूर्ण समजल्याशिवाय एंटर मारू नका.

पेन ड्राइव्हवर प्रत

‘सीपी -आर’ने फोल्डरची नक्कल होते, पण दर आठवड्याच्या बॅकअपला ‘आरसिंक’ कितीतरी बरी. नवीन किंवा बदललेल्याच फाइली ती उचलते. १९९६ पासून ती वापरात आहे.

आरसिंक -आरटीव्हीएन हिशोब पेनड्राइव्हचा पत्ता

‘पेनड्राइव्हचा पत्ता’ हे शब्द टाइप करायचे नाहीत. फाइल मॅनेजरमधून पेन ड्राइव्हचा फोल्डर माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा, पूर्ण पत्ता उमटेल. ‘एन’मुळे ही नुसती रंगीत तालीम होते, काय काय कॉपी होणार त्याची यादी दिसते. पटली की ‘एन’ काढून पुन्हा चालवा. टॅबने नाव भरताना ‘हिशोब’च्या शेवटी तिरकी रेघ येते, ती खोडा. रेघ राहिली तर फोल्डर न जाता त्यातल्या फाइली सुट्या पसरतात. शेवटी ‘सिंक’ चालवा आणि मगच पेन ड्राइव्ह रीतसर इजेक्ट करून काढा.

एखादा प्रोग्रॅम अडकला तर

‘टॉप’ चालवा. प्रोसेसरवर सर्वांत जास्त भार टाकणारे प्रोग्रॅम वर येतात. डावीकडचा पहिला आकडा लक्षात ठेवा आणि क्यू दाबून बाहेर या. तो ४३२१ असेल तर ‘किल ४३२१’. ही आधी विनंतीच असते, प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळतो. दाद दिली नाही तरच ‘किल -९ ४३२१’. यात न साठवलेलं काम जातं. टर्मिनलमध्येच एखादी कमांड थांबत नसेल तर कंट्रोल आणि सी.

नेट नाही, चूक कोणाची

नेटवाल्याला फोन करण्याआधी हे करा, त्याच्याशी बोलणं सोपं होतं. ‘आयपी राउट’ चालवा. ‘डीफॉल्ट व्हाया’ या शब्दांपुढचा आकडा म्हणजे तुमच्या राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. मग ‘पिंग’ने तीन ठिकाणी हाक मारून उत्तर येतं का ते बघा (८.८.८.८ हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता):

पिंग -सी ४ राउटरचा पत्ता
पिंग -सी ४ ८.८.८.८
पिंग -सी ४ उबुंटू.कॉम

पहिल्यालाच उत्तर आलं नाही तर बहुधा घोळ घरातच आहे: केबल, वायफाय किंवा खुद्द राउटर. पहिलं चाललं आणि दुसरं अडलं, तर राउटरच्या पुढे लाइन तुटली आहे आणि तक्रार नेटवाल्याकडे करायची. दोन्ही चालली आणि तिसरं अडलं, तर लाइन ठीक आहे पण नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस सेवा बंद पडली आहे. फोनवर ‘नेट चालत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘राउटरपर्यंत पिंग जातं, पुढे नाही’ असं सांगा. मग ‘राउटर बंद-चालू करून बघा’ हे ऐकावं लागत नाही.

अपडेट आणि मदत

महिन्यातून दोनदा ‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी अपग्रेड’. ‘सुडो’ (एस, यू, डी, ओ) म्हणजे ही कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालवा, म्हणून पासवर्ड विचारला जातो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. टाइप करून एंटर मारा.

वापरलेली कमांड आठवत नसेल तर ‘हिस्ट्री’ चालवा, किंवा कंट्रोल आणि आर दाबून त्यातली दोन अक्षरं लिहा. कोणत्याही कमांडची पूर्ण माहिती ‘मॅन’ आणि पुढे तिचं नाव दिलं की उघडते, उदाहरणार्थ ‘मॅन डीयू’. तिरकी रेघ दाबून त्यात शब्द शोधता येतो, आणि बाहेर पडायला क्यू.