सह्याद्रीच्या पठारावर लायडारने वारा मोजताना या चुका टाळा

लायडार हवेत लेझर किरण सोडतो, धूलिकणांवरून परतलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतला फरक टिपतो आणि त्यावरून वाऱ्याचा वेग काढतो. उंच मास्ट (वारा मोजणारी उपकरणे लावलेला खांब) उभारण्याचा खटाटोप वाचत असल्याने पवनचक्क्यांसाठी जागा पाहताना तो सोयीचा ठरतो. परंतु साताऱ्यातील चाळकेवाडीसारख्या पठारावर त्याचे आकडे जसेच्या तसे स्वीकारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

याचे कारण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. किरण उभ्या रेषेशी साधारण २८ अंशांचा कोन करून वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर १०० मीटर उंचीवर ते सुमारे १०६ मीटर व्यासाच्या वर्तुळाच्या कडेवरचा वारा टिपतात आणि त्या संपूर्ण वर्तुळात वारा एकसारखा वाहतो असे गृहीत धरून वेग काढला जातो. सपाट माळावर हे चालून जाते. कड्याच्या माथ्यावर मात्र वारा एका बाजूने चढतो व दुसऱ्या बाजूने उतरतो, त्यामुळे लायडार बहुधा प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवतो. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्याने वेगातली ५ टक्के चूक ऊर्जेत जवळपास १५ टक्के होते. म्हणून उपकरण कड्यापासून आत ठेवावे, आकड्यांत भूरूपानुसार दुरुस्ती करावी आणि शक्य असल्यास मास्टशेजारी पडताळणी करावी.

दुसरी चूक पावसाळ्यातली. जून ते सप्टेंबर हाच इथला जोराच्या वाऱ्याचा काळ, आणि नेमके तेव्हाच पठार धुक्यात बुडते, किरण वर पोहोचत नाहीत आणि सौरपॅनेलवर चालणारे उपकरण ढगाळ दिवसांत बंद पडू शकते. उरलेल्या तासांची सरासरी पूर्ण महिन्याची म्हणून मांडली, तर ती दिशाभूल ठरते. नोंदी किती टक्के मिळाल्या आणि कोणत्या वेळी तुटल्या हे सोबत लिहिलेच पाहिजे. भर पावसात दिसणारा उभा वेग थेंबांचा असतो, हवेचा नव्हे, तो वगळावा.

सर्व उंचींवर परतणाऱ्या प्रकाशाचा संकेत क्षीण झाला असेल, तर आधी उपकरणाची काच व वायपर पाहावेत. फक्त वरच्या उंचींच्या नोंदी गायब असतील, तर धुके, खालचे ढग किंवा पावसाने धुऊन निघालेली, कण नसलेली हवा कारणीभूत असू शकते. दिशा सतत ठरावीक अंशांनी चुकत असेल, तर उत्तर दिशेची मांडणी तपासावी. लोखंडी कुंपणाजवळ होकायंत्रावर विसंबू नये. काही सतत-किरण (तुटक स्पंदांऐवजी अखंड किरण सोडणाऱ्या) लायडारांत वाऱ्याची दिशा अधूनमधून बरोबर १८० अंशांनी उलटते, तेव्हा उपकरणाला जोडलेल्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या दिशादर्शकाच्या नोंदीशी ताडून ती सरळ करावी.