माशांच्या टाकीचा फिल्टर: लिटर नंतर, आधी खाद्य मोजा

परसात मासे पाळायचं ठरलं की प्रश्न ठरलेला, "पाच हजार लिटरच्या टाकीला फिल्टर केवढा लागेल?" आमच्या तासगाव भागात कुणी असं विचारलं की मी उलट विचारतो, रोज खाद्य किती घालणार? पाणी बिघडतं ते खाद्याने. मासा ते खातो, कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरमधल्या खडीला चिकटलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला विष, तिसरं पालक-मेथीला खत.

आता हिशोब. 32 टक्के प्रथिनांच्या 1 किलो खाद्यामागे साधारण 30 ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन, पाण्यात उतरतो. रोज 500 ग्रॅम खाद्य घातलंत तर 15 ग्रॅम. सगळं जुळून आलं तर एक चौरस मीटर पृष्ठभागावरचे जिवाणू दिवसाला अर्धा ग्रॅम पचवतात. सगळं रोज जुळत नाही, म्हणून मी 0.3 ग्रॅम धरतो. म्हणजे 50 चौरस मीटर जागा हवी. 20 मिलिमीटरची खडी घनमीटरला सुमारे 150 चौरस मीटर पृष्ठभाग देते, तेव्हा 330 लिटर खडी, म्हणजे 200 लिटरचे दोन ड्रम. घनमीटरला 500 चौरस मीटर देणारा प्लास्टिकचा मीडिया, म्हणजे जिवाणू बसण्यासाठी केलेले प्लास्टिकचे तुकडे, घेतलात तर 100 लिटर पुरतो. आपल्याकडे क्रशरवर काळ्या दगडाची खडी सहज मिळते, तीच घ्या. वर लिंबू पिळून फेस आला तर ती चुनखडी, परत करा. दोन ड्रमांतली खडी अर्ध्या टनाच्या घरात जाते, खाली पक्कं जोतं हवं.

खडीच्या आधी एक रिकामा ड्रम ठेवा आणि त्याला तळाशी कॉक बसवा. विष्ठा आणि उरलेलं खाद्य तिथेच बसलं पाहिजे. ते खडीत गेलं की खडी तुंबते आणि जिवाणू गुदमरतात. पंप असा घ्या की टाकीभर पाणी तासा-दोन तासांत एकदा फिल्टरमधून फिरेल.

सगळे मासे लगेच सोडू नका. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथली पाटीभर ओली खडी आणा, काम लवकर होतं. थोडेच मासे सोडून थेंबांच्या किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासत राहा. दोन्ही लिटरला 1 मिलिग्रॅमच्या खाली टिकले की खाद्य हळूहळू वाढवा. वाढले, तर त्या दिवशी खाद्य बंद.

देखभालीत माझी मोठी चूक सांगतो. एका पावसाळ्यात खडी काळीभोर दिसेपर्यंत क्लोरीनच्या नळाच्या पाण्याने धुतली. तिसऱ्या दिवशी पहाटे बॅटरी मारून पाहिलं, तर मासे पाण्याच्या वर तोंड काढून हवा घेत होते. खडीवरचा तो तपकिरी, बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर, आणि मी तो मोरीत सोडला होता. आता एका वेळी एकच ड्रम, तोही टाकीच्याच पाण्यात नुसता हलवून घेतो. गाळाच्या ड्रमचा कॉक मात्र रोज सोडतो. ते पाणी भाजीला जातं.

पीएच आठवड्याला बघा. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना जिवाणू कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सुमारे 7 ग्रॅम क्षारता, म्हणजे पीएच घसरू न देणारे पाण्यातले क्षार, खातात. बोअरचं जड पाणी ती भरून काढतं, पावसाचं पाणी भरलेल्या टाकीत पीएच घसरत जातो आणि 6 च्या खाली जिवाणू मंदावतात. अशा वेळी खाण्याचा सोडा थोडा थोडा, दोन-तीन दिवसांत विभागून घाला. एकदम नको. पीएच 7 वरून 8 वर गेला तर तेवढ्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो.

वीज गेली की फिल्टरमधली हवाही जाते. म्हणून एअर पंप बॅटरीवर हवाच, मग पाण्याचा पंप मागे पडला तरी चालेल.

आणि शेजारी द्राक्षबाग असेल तर फवारणीच्या दिवशी वारा बघून टाकीवर ताडपत्री टाका. फवाऱ्यातलं मोरचूद (कॉपर सल्फेट) माशालाही मारतं आणि जिवाणूंनाही. फवारणीची बादली कितीही विसळली असली तरी टाकीच्या कामाला घेऊ नका.