पानांच्या अर्काची डीपीपीएच टेस्ट नीट कशी करायची

पानाच्या अर्कात अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारे घटक, किती जोरदार आहेत ते डीपीपीएच या जांभळ्या रसायनाचा रंग किती उतरतो यावरून बघायचं, ती ही टेस्ट. प्रोजेक्टला पान शोधायला लांब जाऊ नका, अडुळसा, निर्गुंडी, शेवगा, पेरू, काहीतरी परसात नाहीतर कुळागरात (सुपारीच्या बागेत) मिळतंच. फक्त फांदीसकट तोडा, जमलं तर फुलासकट, आणि बॉटनीच्या सरांकडून ओळख पक्की करून घ्या.

आता सुकवणं, आणि इथे घाई अजिबात नको. पावसाळ्यात गोव्यातली हवा इतकी दमट असते की सावलीत पसरलेली पानं सुकायच्या आधीच काळी पडतात, बुरशी येते, पानातले एन्झाइम फिनॉलिक्स (पानातले अँटिऑक्सिडंट घटक) ऑक्सिडाइज करून टाकतात, म्हणजे जे मोजायचं तेच गेलं ना! त्या दिवसांत ४० डिग्रीचा ओव्हन बरा. कडक उन्हात मात्र नकोच. चुरडल्यावर कुरकुरीत तुटलं की मिक्सरला लावा.

१० ग्रॅम पावडर १०० मिली ७० टक्के इथेनॉलमध्ये, झाकण लावून २४ तास, मधूनमधून हलवायचं, मग गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबाखाली द्रावक उडवणारं यंत्र) ४० डिग्रीच्या आसपास आटवायचं. झालं.

डीपीपीएच ४ मिलिग्रॅम १०० मिली मेथॅनॉलमध्ये विरघळवा, साधारण ०.१ मिलिमोलर होतं, गडद जांभळं. बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडात ते टिकत नाही. वाळलेला अर्क मेथॅनॉलमध्ये घेऊन पाच-सहा कॉन्सन्ट्रेशन बनवा, प्रत्येकी १ मिलीत ३ मिली डीपीपीएच, ३० मिनिटं अंधारात, मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५१७ नॅनोमीटरला रीडिंग, म्हणजे किती प्रकाश शोषला जातो ते. अर्काने हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरून पिवळट होतो.

पण पानाचा अर्क मुळातच हिरवा असतो, त्याचा स्वतःचा रंगही ५१७ ला थोडा दिसतो आणि अँटिऑक्सिडंट आहे त्यापेक्षा कमी वाटतं. म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला तेवढाच अर्क अधिक ३ मिली नुसतं मेथॅनॉल असा ब्लँक ठेवा आणि त्याचं रीडिंग वजा करा. हे प्लीज टाळू नका, बाकी सगळी मेहनत यावर आहे.

कंट्रोल म्हणजे अर्काऐवजी १ मिली मेथॅनॉल अधिक ३ मिली डीपीपीएच. कंट्रोलच्या रीडिंगमधून सॅम्पलचं वजा, भागिले कंट्रोल, गुणिले १००, हे झालं इन्हिबिशन, म्हणजे किती टक्के रंग उतरला ते. ग्राफ काढून ५० टक्क्यांना किती अर्क लागला ते बघा, तो आयसी५०, जितका कमी तितका अर्क जोरदार. व्हिटॅमिन सी त्याच दिवशी, त्याच डीपीपीएचवर चालवा, नाहीतर तुलना कशाशी करणार?

आणि रिपोर्टमध्ये 'आजारावर गुणकारी' असं लिहू नका, टेस्ट ट्यूबमधली आहे, पोटात गेल्यावर किती शोषलं जातं ते यातून कळत नाही. उरलेलं मेथॅनॉल विषारी असतं, सिंकमध्ये न ओतता वेस्टच्या बाटलीत घाला.